नॉक्स वाढला की आधी हवेकडे बघ

भाऊ, भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या बॉयलरवर आलास, आता नॉक्सचा, म्हणजे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड वायूंचा, आकडा सतत समोर राहणार. तो चढला की लोक लगेच धुरात अमोनिया सोडून नॉक्स कमी करायच्या गप्पा सुरू करतात. तू आधी हवा बघ.

नॉक्सचा मोठा वाटा कोळशातल्याच नायट्रोजनचा. बाकीचा प्रचंड तापमानात हवेतल्या नायट्रोजनपासून होतो. म्हणून बर्नरपाशी हवा जरा कमी ठेवायची, उरलेली वरून ओव्हरफायर डँपरमधून, म्हणजे बर्नरच्या वरच्या हवेच्या झडपांमधून, सोडायची. हवा हळूहळू कमी कर आणि कार्बन मोनॉक्साइडवरची नजर हटवू नको. तो उसळला की तिथेच थांब. लॅबवाल्यांना राखेतला न जळालेला कार्बन विचारत जा. राख काळपट दिसली की रिपोर्टची वाटही पाहू नको, हवा कमी करणं थांबव. हवा फारच तोडली तर वॉटरवॉलच्या, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या पाण्याच्या, नळ्या गंजतात, त्यांच्यावर क्लिंकर, म्हणजे वितळलेल्या राखेचा थर, धरतो. हे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

मे महिन्यात भुसावळची हवा तापून विरळ होते. भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन तेवढाच उघडा असला तरी भट्टीत ऑक्सिजन कमी जातो. हिवाळ्यातलं सेटिंग तेव्हा चालवू नको. मिल, म्हणजे कोळसा दळणारी चक्की, बदलली की परत तपास. वरच्या बर्नरना कोळसा देणाऱ्या मिल चालू असल्या की नॉक्स बहुधा चढतो.

आणि नॉक्सचा आकडा ६ टक्के ऑक्सिजनवर दुरुस्त केलेला, म्हणजे धुरात तेवढा ऑक्सिजन धरून काढलेला, आहे ना, हे विचारून घे. २००४ ते २०१६ मध्ये बसवलेल्या युनिटांना घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती त्याच हिशेबाने मोजतात.