घरात निळा रंग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या रंगकामाआधी ग्वाल्हेरहून आलेल्या पत्रांत यंदा निळ्या रंगाचेच प्रश्न जास्त आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (जनकगंज): बैठकीला आकाशी रंग दिला. शेडकार्डावर झकास दिसत होता. भिंतीवर मात्र दिवसा राखाडी आणि रात्री मळकट वाटतो. दोन्ही खिडक्या उत्तरेला आहेत. पेंटरने शेड चुकवली असेल का?

उत्तर: बहुधा नाही. डब्यावरचा शेड नंबर कार्डाशी ताडून पाहा, जुळला तर पेंटर सुटला. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. येतो तो आभाळाचा उजेड, आणि तो मुळातच निळसर असतो. त्यात राखाडीकडे किंवा जांभळ्याकडे झुकणारा आकाशी आणखी उदास दिसतो. अशा खोलीला हिरव्याची झाक असलेला निळा घ्यावा, म्हणजे फिरोजी किंवा फिकट मोरपंखी. पश्चिमेच्या खोलीत नेमकं उलटं होतं. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात फिरोजी पार हिरवा दिसायला लागतो, तिथे राखाडी-निळा शोभतो.

रात्रीच्या मळकटपणाचं कारण बल्ब. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो, त्यामुळे भिंतीने परत फेकावं असं निळं फारसं उरतच नाही. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली रंग निळा दिसेल खरा, पण बैठकीला दवाखान्याची कळा येईल. 4000 केल्विनचे आणि खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेले दिवे आणा. भिंत पुन्हा रंगवण्याआधी हा स्वस्तातला उपाय करून बघाच.

तरीही रंग बदलावा लागला, तर नमुना जुन्या भिंतीवर लावू नका, शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि चारी बाजूंना दोन इंच पांढरी कड सोडा. तो आधी खिडकीच्या भिंतीला, मग समोरच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहा. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो. तोच रंग चारही भिंतींना लागला की एकीचा उजेड दुसरीवर पडून गडद होतो. म्हणून मनात भरलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घेतलेली बरी.

प्रश्न (मुरार): पलंगामागच्या 12 बाय 10 फुटांच्या भिंतीला नेव्ही ब्लू दिला. तीन हात झाले तरी रोलरचे पट्टे दिसतात, आणि हात घासला की तिथे चकाकी येते.

उत्तर: गडद निळ्याची ही जुनी खोड आहे. फिकट शेड ज्या पांढऱ्या बेसमध्ये (शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) बनते, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड भरपूर असते, आणि खालचं झाकण्याचं काम तीच करते. गडद शेडच्या बेसमध्ये ती जवळजवळ नसते. म्हणजे महागडा डबा आणूनही खालची पांढरी पुट्टी डोकावत राहते. यावर तोड म्हणजे प्रायमरच मध्यम राखाडी टिंट करून घेणे. मग दोन हातांत भिंत भरते, फार तर तीन.

तुमची भिंत 120 चौरस फुटांची. गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) दोन हातांना साधारण लिटरमागे तेवढंच पुरतं, पण गडद शेडला दोन लिटर धरा आणि एकाच वेळी टिंट करून घ्या. डबे दोन असतील तर दोन्ही एका बादलीत ओतून ढवळा. वेगवेगळ्या दिवशी टिंट केलेल्या डब्यांत किंचित फरक राहतो, आणि गडद निळ्यात तो भिंतीच्या मधोमध दिसतो. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका. पेंटरला पातळ रंग ओढायला सोपा जातो, निस्तरावं तुम्हाला लागतं.

पट्टे पडतात ते ओली कड सुटल्यामुळे. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत रंग बघता बघता सुकतो, आणि सुकलेल्या कडेवर पुन्हा रोलर फिरला की तिथे दुहेरी थर बसतो. पंखा बंद ठेवा, काम सकाळी करा. माणसं दोन हवीत: एकाने ब्रशने कोपरा आणि छताची कड धरायची, दुसऱ्याने लगेच रोलर घेऊन मागे यायचं. चारही कडा आधी रंगवून चहाला गेलात, तर भिंतीला चौकट दिसणारच. छतापासून खालपर्यंत दोन-अडीच फुटांचा पट्टा पुरा करून मगच बाजूला सरका. दोन हातांत किमान चार तास जाऊ द्या. डाग राहिला तर तेवढाच पुसून रंगवू नका, ठिगळ कायम दिसतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा घ्या.

घासल्यावर येणारी चकाकी हा मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या फिनिशचा दोष. पलंगामागे डोकं आणि उशा घासणारच, म्हणून तिथे सॅटिन किंवा लो-शीन, म्हणजे मंद चकाकीचा रंग हवा. मात्र शीन आला की पुट्टीचे उंचवटे उघडे पडतात. प्रायमरआधी अंधारात मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरा. सावली पडेल तिथे पॉलिश पेपर मारा, आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. धूळ राहिली तर वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

प्रश्न (दौलतगंज): आमचा जुना वाडा आहे, भिंती चुन्याच्या. खालचे दोन-तीन फूट लोणा (ओलीबरोबर भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) लागलेला आहे. निळं इमल्शन चालेल का?

उत्तर: नाही. चुन्याची भिंत ओल पिते आणि हवेत सोडते. तिच्यावर प्लास्टिकसारखा थर दिलात की ओल अडते, क्षार त्या थरामागे साचून त्याला फोडतात, आणि निळ्यावर पांढरे चट्टे उठून दिसतात. खाली सिमेंटचा गिलावा केलात तर ओल आणखी वर चढेल. लोणा कोरड्या ब्रशने खरवडून सुपलीत गोळा करा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मोरीची गळती, अंगणाचा उलटा उतार, जे असेल ते आधी दुरुस्त करा.

मग निळा चुना. एक किलो चुनकळीला (न विरवलेल्या चुन्याला) पाच लिटर पाणी. विरवताना ती उकळते, म्हणून प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा आणि मुलं लांब. चोवीस तासांनी जाड कापडातून गाळा आणि गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घाला. नुसती सफेदी खुलवायला किलोमागे 3 ग्रॅम नीळ पुरते. खरा आकाशी हवा असेल तर 40-50 ग्रॅमपासून सुरुवात करा, 100 ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, नाहीतर भिंतीला टेकलेल्याचा सदरा निळा होतो. पूड आधी थोड्या पाण्यात कालवून गाळून घ्या, गुठळी राहिली तर कुंचल्याखाली गडद रेघ ओढली जाते.

नीळ पूड स्वरूपातलीच, म्हणजे अल्ट्रामरीन. ती चुन्यात टिकते. प्रशियन ब्लू ही दुसरी निळी पूड चुन्यात मरते आणि तपकिरी पडते. कपड्यांची बाटलीतली पातळ नीळ भिंतीवर फार दिवस टिकत नाही. भिंत आधी पाण्याने भिजवा (लोण्याचा भाग सोडून), मग तीन पातळ हात, एक आडवा, एक उभा. ओला असताना रंग भडक दिसेल, घाबरून पाणी वाढवू नका. सुकल्यावर तो बराच फिका होतो.

प्रश्न (लश्कर): निजायच्या खोलीला निळा देतोय. सासूबाई म्हणतात, थंडीत खोली आणखी गार वाटेल. ही समजूतच ना?

उत्तर: तापमानात फरक पडत नाही, पण वाटण्याबाबत सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. ग्वाल्हेरच्या जानेवारीत चारही भिंती निळ्या आणि जमीन पांढऱ्या टाइल्सची, म्हणजे पाय वर घेऊन बसायची वेळ. निळा एका भिंतीला द्या, बाकीच्या तीन बदामी किंवा मलई रंगाच्या. किल्ल्यावरचं मानमंदिर एकदा या नजरेने बघून या. मानसिंह तोमरांच्या काळात (1486 ते 1516) बांधलेल्या त्या महालाची सगळी भिंत काही निळी नाही. बदामी दगडावर निळ्या टाइल्सचे पट्टे, त्यात बदकं, हत्ती, केळीची झाडं. दगडाच्या उबेमुळे तो निळा खुलतो. घरात ते काम शिसवी पलंग, पितळी दिवा, काथ्याची चटई यांच्याकडून करून घ्या.

प्रश्न (थाटीपूर): छत निळं करावं का?

उत्तर: उंची साडेनऊ फुटांहून कमी असेल तर नको. जास्त असेल तर भिंतीच्या शेडपेक्षा खूप फिका.

प्रश्न (हजिरा): न्हाणीघरात चकचकीत गडद निळ्या टाइल्स लावल्या. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जात नाहीत.

उत्तर: ते कॅल्शियमचे क्षार. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं भिजवा, दहा मिनिटं डागावर चिकटवून ठेवा, मग पुसून भरपूर पाण्याने धुवा. उंबरठा संगमरवरी असेल तर त्याला थेंबही लागू देऊ नका, पॉलिश जातं. तेजाब तर नकोच. सांध्यांतलं सिमेंट खाऊन तो टाइलच्या मागे पाणी शिरायला वाट करतो. रोजच्यासाठी रबराचा वायपर खिळ्याला टांगून ठेवा आणि शेवटच्या अंघोळीनंतर भिंतीवरून एकदा फिरवा. टाइल्स अजून घ्यायच्या असणाऱ्यांनी मॅट, मध्यम निळ्या घ्याव्यात आणि सांधे फिकट राखाडी भरावेत. पांढरे सांधे काळे पडतात, आणि निळे भरले तर त्यांच्यावरही हाच क्षार बसतो.