जॅनेट विमानांची देखभाल आणि त्यांवरची उपकरणं हौशी लोक बाहेरून कशी ओळखतात?

लास वेगासच्या हॅरी रीड विमानतळावरून उडणारी, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा असलेली आणि कुठल्याही कंपनीचं नाव नसलेली विमानं म्हणजे 'जॅनेट'. अमेरिकी हवाई दलाची ही बोइंग ७३७-६०० विमानं कर्मचाऱ्यांना ग्रूम लेक (एरिया ५१) आणि टोनोपाहच्या तळावर नेतात-आणतात. त्यांच्या देखभालीबद्दल एका फोटोवरून किंवा नकाशावरच्या एका रेघेवरून काहीच सांगता येत नाही. तारीखवार नोंदींमध्ये पडलेला फरक शोधावा लागतो.

सुरुवात अमेरिकेच्या नागरी विमान नोंदणीपासून करा. एन२७३आरएच, एन३१९बीडी असे क्रमांक तिथे उघडपणे शोधता येतात. कारखान्याचा अनुक्रमांक आणि मोड-एस पत्ता (रडारला उत्तर देणारा विमानातला रेडिओ संच, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, पाठवतो तो ओळख-क्रमांक) तिथूनच वहीत उतरवून घ्या. रेडिओवर वापरलं जाणारं हाकेचं नाव (कॉलसाइन) उड्डाणागणिक बदलू शकतं, हा पत्ता मात्र विमानाला चिकटलेला असतो.

विमानांचे संकेत ऐकण्यासाठी १०९० मेगाहर्ट्झवर चालणारा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), अँटेना म्हणून सुमारे ६९ मिलिमीटरची चौथाई-लहरी तार आणि उंच, मोकळी जागा एवढं पुरतं. फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर विमान दिसलं नाही म्हणून ते उडालंच नाही असं समजू नका. तिथे अशी विमानं गाळली जातात, एडीएस-बी एक्स्चेंज या दुसऱ्या संकेतस्थळावर गाळत नाहीत. शिवाय २०१९ पासून संवेदनशील सरकारी कामगिरीवर एडीएस-बी (विमानाने स्वतःहून आपली जागा प्रसारित करण्याची यंत्रणा) बंद ठेवण्याची नियमातच मुभा आहे. मग विमान आपली जागा सांगत नाही, पण रडारला दिलेल्या मोड-एस उत्तरांत पत्ता आणि उंची येत राहते. साधारण चार रिसीव्हरांनी तेच उत्तर ऐकलं, तर वेळेच्या फरकावरून जागा काढता येते. ग्रूम लेकभोवती डोंगर आहेत, त्यामुळे उतरताना संकेत आपोआपही तुटतो. 'ट्रान्सपॉन्डर बंद केला' असं लिहिण्याआधी हे लक्षात घ्या.

सर्वात जास्त घोळ उपकरणांच्या बाबतीत होतो. एडीएस-बीच्या प्रकार ३१ च्या संदेशात आवृत्ती क्रमांक आणि अँटेना एकच आहे की दोन, याची खूण असते. काल एक मूल्य, आज दुसरं दिसलं की लोक 'नवा ट्रान्सपॉन्डर बसवला' म्हणून मोकळे होतात. ७३७ वर दोन ट्रान्सपॉन्डर असतात आणि त्यातला कुठला वापरायचा ते वैमानिक कॉकपिटमध्ये निवडतो. फरक या दोन संचांमधलाच असू शकतो. पत्ता तर विमानाच्या जोडणीतल्या पिनांवरून ठरतो, त्यामुळे ट्रान्सपॉन्डरचा डबा बदलला तरी तोच राहतो. काही आठवडे सलग नवंच मूल्य आलं आणि जुनं पुन्हा दिसलं नाही, तरच बदल झाल्याचं धरा.

फोटो पहाटे काढा. ऊन चढलं की धावपट्टीवरची हवा लहरते आणि अँटेनांच्या कडा पुसट होतात. विमानाच्या पाठीवर पात्यासारखा अँटेना दिसला की ते गुप्त यंत्र ठरवायची घाई नको, व्हीएचएफ (संभाषणाचा रेडिओ) आणि ट्रान्सपॉन्डरची अशी पाती प्रत्येक ७३७ वर असतात. ६०० प्रकारची फक्त ६९ विमानं बनली. एसएएस किंवा वेस्टजेट या विमान कंपन्यांच्या जुन्या ६०० चा त्याच कोनातला फोटो शेजारी ठेवा आणि खिडक्या मोजून जागा जुळवा. पंखावर प्रत्येक बाजूला एकच आपत्कालीन दार आहे, मोजणी तिथून सुरू करणं सोपं जातं.

मोठी तपासणी ओळखायची खूण म्हणजे नेहमीच्या फेऱ्यांबाहेर दुसऱ्या शहराकडे गेलेलं एकच उड्डाण, मग काही आठवडे शांतता, आणि परतण्याआधी वेगवेगळ्या उंचीवर थांबत केलेलं चाचणी उड्डाण. इंजिनाचं आवरण बदललं असेल तर पांढऱ्या रंगाची छटा किंवा लाल पट्ट्याची रेषा किंचित चुकलेली दिसते. फेऱ्या अर्ध्या तासाच्या असल्यामुळे उड्डाण-तासांपेक्षा उतरण्या-चढण्याची चक्रं भराभर वाढतात. म्हणून मला चक्रांवर आधारलेल्या तपासण्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. २०१९ मध्ये पंख आणि धड जोडणाऱ्या भागातल्या भेगांसाठी निघालेल्या आदेशात ३०,००० चक्रांपुढच्या विमानांना तपासणीसाठी अवघे सात दिवस दिले होते आणि ६०० प्रकारही त्यात होता. सरकारी विमानांना नागरी आदेश जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही, पण सांगाडा तोच आहे. अशा आदेशानंतर कुठलं विमान किती दिवस दिसलं नाही, हे वहीत वेगळं नोंदवा.

हे सगळं सार्वजनिक रस्त्यावरूनच करा. तळाच्या हद्दीच्या पाट्या ओलांडू नका आणि प्रवाशांचे चेहरे किंवा त्यांच्या गाड्यांचे नंबर फोटोत ठेवू नका.