'परस्परसंवाद' नको, 'परस्परक्रिया'

प्रश्न असा आहे: 'डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी यांच्यातील परस्परसंवादाची चाचणी' असं कुठेतरी वाचलं, इथे 'परस्परसंवाद' बरोबर आहे का, की 'देवाणघेवाण' म्हणावं? (डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य; डार्क एनर्जी म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा.)

'परस्परसंवाद' नकोच. संवादाला बोलणारे लागतात. इंटरॅक्शन दिसलं की परस्परसंवाद लिहून मोकळं व्हायचं, ही यंत्रानुवादाची खोड आता माणसांनाही जडली आहे. दोन गोळ्यांचा पोटात 'परस्परसंवाद' झाल्याचंही मी वाचलंय! भौतिकशास्त्रात आंतरक्रिया, अन्योन्यक्रिया, परस्परक्रिया असे तिन्ही शब्द भेटतात. आंतरक्रियेतला 'आंतर' खरं तर 'आंतरराष्ट्रीय'मधला, पण वाचणाऱ्याला 'आंतरिक' आठवतं. अन्योन्यक्रिया नेमका शब्द आहे, जरा जड इतकंच.

माझं मत परस्परक्रियेला. 'परस्पर'चा एक अर्थ संस्कृतातून आलेला, एकमेकांशी. दुसरा आपल्या रोजच्या बोलण्यातला: तिसऱ्याला न विचारता, न कळवता. 'दोघांनी परस्पर ठरवून टाकलं' यात कुणाला तरी वगळल्याची तक्रार असते. आणि या विषयात तो वगळलेला तिसरा म्हणजे आपण. तारे, वायू, ग्रह, तुम्हीआम्ही, असं सगळं नेहमीचं द्रव्य विश्वाच्या एकूण ऊर्जेत जेमतेम 5 टक्के. डार्क मॅटर सुमारे 27 आणि डार्क एनर्जी 68 टक्के. या दोघांत गुरुत्वाकर्षणापलीकडे काही व्यवहार चालत असेल, तर तो अक्षरशः परस्पर चालतो. प्रकाशाला त्याची खबर नसते.

मग पकडायचा कसा? हिशेबावरून. विश्व प्रसरण पावतंय; त्याचं अंतरमान, म्हणजे दूरदूरच्या दीर्घिकांमधली अंतरं, दुप्पट झालं की घनफळ आठपट होतं, म्हणजे द्रव्याची घनता एक अष्टमांशावर यायला हवी. डार्क एनर्जीची घनता मात्र, प्रचलित प्रतिमानानुसार, आहे तेवढीच राहते. सुमारे 780 कोटी वर्षांपूर्वी विश्व आजच्या निम्मं होतं, तेव्हापासून आजवरचा हा हिशेब मांडता येतो. द्रव्य अष्टमांशापेक्षा कमी उरलं असेल तर ते तिकडे मुरलं, जास्त असेल तर तिकडून आलं. प्रत्यक्षात घनता थेट मोजता येत नाही. दीर्घिकांच्या मांडणीत सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षांचं एक ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा उमटतं, ते पट्टीसारखं वापरून प्रसरणाचा इतिहास काढतात, आणि दीर्घिकांचे पुंजके किती वेगाने दाट होत गेले तेही पाहतात. अडचण अशी की डार्क एनर्जी स्वतःच काळानुसार बदलत असेल, तरी प्रसरणाच्या नोंदी जवळपास तशाच दिसू शकतात. 2024 मध्ये 'डेसी' या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षाच्या निष्कर्षांत अशा बदलाची चाहूल लागली, त्यामुळे हा प्रश्न पुन्हा तापला. परस्परक्रियेचा ठाम पुरावा अजून नाही.

'देवाणघेवाण' मला सुरुवातीला आवडला होता, पण त्यात दोघंही देतात आणि दोघंही घेतात. इथल्या बऱ्याच गणिती प्रतिमानांत ओघ एकाच बाजूने वाहतो, आणि कोणत्या बाजूने, हेच तर तपासायचं असतं. त्यापेक्षा 'ऊर्जेचं हस्तांतरण' बरं.

जाता जाता 'डार्क'बद्दल. 'कृष्णद्रव्य' रूढ झालंय, म्हणून वापरावं, पण कृष्णविवर प्रकाश गिळतं. हे द्रव्य गिळतही नाही, टाकतही नाही. त्या अर्थी ते काळं नाही, पारदर्शक आहे. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये जर्मनमध्ये 'डुंक्ले माटेरी' लिहिलं तेव्हा त्यांना 'न उजळणारं' एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी 'अदीप्त' जास्त जवळचा. 'डार्क एनर्जी' हे नाव मात्र 1998 चं, आधीच्या नावाच्या वजनावर पडलेलं. तिथे 'अदीप्त'ही फारसा लागू पडत नाही, म्हणून 'कृष्णऊर्जा'च राहू द्यावी.

तेव्हा ते वाक्य मी असं लिहीन: 'कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा यांच्यात गुरुत्वाकर्षणाखेरीज आणखी काही परस्परक्रिया आहे का, याची पडताळणी.' मूळ वाक्यात 'परस्परसंवादाची चाचणी' म्हटल्यामुळे तो आहे हे गृहीतच धरलं गेलं होतं; 'आहे का' घालायला विसरू नका.