लातूरहून अमेरिकेला येताना: मोडलेल्या कॉलरबोनचे कागद आणि इथलं बिल

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा सायकलवरून पडून कॉलरबोन मोडलंय, पट्टा बांधलाय, आणि पुढच्या महिन्यात मिस्टरांच्या नोकरीसाठी सगळे अमेरिकेला निघालाव, तर लातूरचे एक्स-रे इथं चालतील का आणि खर्च किती येईल. खर्चाचा आकडा दवाखान्यागणिक, इन्शुरन्सगणिक बदलतो, त्यामुळं तो नाही सांगत, पण बिल बनतं कसं ते सांगतो.

आधी कागद, कारण तिथून निघाल्यावर ते मिळवणं लई अवघड. आपल्याकडं हाडाचे डॉक्टर फिल्म उजेडाकडं धरून बघतात, चिठ्ठीवर दोन ओळी लिहितात आणि झालं, रिपोर्ट बऱ्याचदा कुणी मागतच नाही. इथं लिहिलेल्या, सही केलेल्या रिपोर्टलाच किंमत. म्हणून एक्स-रे सेंटरवाल्याकडून लेटरहेडवर रिपोर्ट घ्या आणि इमेजेस डायकॉम फॉरमॅटमध्ये, म्हणजे दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या मूळ फायली, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवर भागवू नका. उजवं का डावं, हाड मधी मोडलंय का खांद्याच्या टोकाला, तुकडे सरकलेत का नाही, हे सगळं त्यात पाहिजे. पडला कसा तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर येऊ द्या. तारखेत महिना अक्षरात लिहून घ्या बरं का, ०५/०६ म्हणजे आपली ५ जून, इथं ती ६ मे वाचतात.

एवढं बारीक कशाला, तर इथं निदानाला कोड लागतो आणि त्यात बाजूसुद्धा येते. मधलं हाड मोडून सरकलं असंल तर उजव्याला एस४२.०२१, डाव्याला एस४२.०२२. पुढं एक अक्षर, उपचार चालू असताना ए, आणि हाड नीट जुळतंय का एवढंच बघायला गेलात तर डी.

निदानासारखाच तपासणीलाही वेगळा कोड असतो, कॉलरबोनच्या एक्स-रेचा ७३०००. हॉस्पिटलमध्ये काढला की त्याची बहुतेक दोन बिलं येतात, काढल्याचं हॉस्पिटलकडून आणि वाचल्याचं रेडिऑलॉजिस्टकडून, त्याच्या कोडापुढं २६ असतं. ही दोन पाकिटं बघून घाबरू नका, फसवणूक नाही ती. पण इन्शुरन्सकडून ईओबी, म्हणजे बिलातलं ते किती देणार आणि तुम्ही किती द्यायचं याच्या हिशोबाचा कागद, येईपर्यंत पैसेही भरू नका. त्या कागदावर 'हे बिल नाही' असं छापलेलंच असतं, तुमच्या वाट्याला किती आले ते त्यात दिसतं, बिलाशी जुळलं तरच भरा. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या पोराच्या बिलात ७३००० सोबत खांद्याचा ७३०३० पण लावला होता, आणि रिपोर्टमध्ये खांद्याच्या एक्स-रेचं नावच नव्हतं. त्यानं सगळ्या कोडांसकट आयटमाइज्ड, म्हणजे एकेक बाब वेगळी दाखवणारं, बिल मागवलं, रिपोर्ट पुढं ठेवला, ती ओळ काढली त्यांनी. रिपोर्ट मागायचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे, मागायला लाजू नका.

आणि नुसतं दाखवायला इमर्जन्सीत जाऊ नका, तिथं इमर्जन्सीचा चार्ज वेगळाच बसतो. नेटवर्कमधल्या, म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार असलेल्या, लहान मुलांच्या हाडाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट लातूरहूनच घेऊन ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून कायदा आहे, हॉस्पिटल नेटवर्कमधलं असंल आणि रेडिऑलॉजिस्ट नेटवर्कबाहेरचा निघाला तरी जास्तीचा फरक तो तुमच्याकडून वसूल करू शकत नाही.

मिस्टरांच्या कंपनीचा हेल्थ प्लॅन आधीच्या फ्रॅक्चरवरून नाही म्हणू शकत नाही, व्हिजिटर पॉलिसी, म्हणजे पाहुणे म्हणून येणाऱ्यांचा विमा, मात्र म्हणू शकते. त्यामुळं कंपनीचं कव्हर कोणत्या तारखेपासून चालू होतंय ते एचआरकडून लेखी घ्या आणि अपॉइंटमेंट त्याच्या नंतरचीच ठेवा.