राउटर साऱ्या जगाला का दिसावा?

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. दोन मोठ्या पुरवठादारांकडून जोडणी घेऊन आम्ही लिनक्सवर एफआरआर ही राउटिंगची प्रणाली बसवून बीजीपी (इतर जाळ्यांशी मार्गांची माहिती देण्याघेण्याची पद्धत) चालवतो. नुकतेच बाहेरून तपासले असता राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावर 22, 179, 2601 आणि 2605 ही पोर्ट उघडी आढळली. पासवर्ड सगळीकडे अवघड ठेवले आहेत. तेवढे पुरेसे नाही का? शिवाय बीजीपीचे 179 बंद केले तर गावाचे नेटच बंद पडेल, अशी धास्ती वाटते.

उत्तर : पासवर्ड अवघड आहेत हे चांगलेच, पण त्यावर विसंबून राहू नये. मायक्रोटिकच्या राउटरांमध्ये 2018 साली उघडकीस आलेल्या त्रुटीमुळे, विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या साधनाचे 8291 हे पोर्ट ज्याला बाहेरून गाठता येई, त्याला पासवर्ड न देताच राउटरमधील वापरकर्त्यांची फाइल वाचता येत होती आणि कितीही अवघड पासवर्ड त्या फाइलमधून आयता हाती लागत होता. ज्यांनी हे पोर्ट आपल्या कार्यालयाच्या पत्त्यापुरतेच खुले ठेवले होते, त्यांना अपडेट करायला उशीर झाला तरी बाहेरच्यांना तेथवर पोहोचताच येत नव्हते.

ग्राहकांची जी वाहतूक राउटरमधून पुढे जाते ती वेगळी आणि खुद्द राउटरशी बोलायला येणारी वेगळी, आणि फायरवॉलमध्येही पहिलीसाठी ‘फॉरवर्ड’ व दुसरीसाठी ‘इनपुट’ अशा स्वतंत्र साखळ्या असतात. बंधने घालायची आहेत ती इनपुटवर. 179 वर बोलण्याचा अधिकार तुमच्या दोन पुरवठादारांच्या राउटरांनाच आहे, म्हणून त्यांच्या पत्त्यांना परवानगी देऊन बाकीच्यांना नाकारा; बीजीपी सत्रे सुरूच राहतील. शेजारी, म्हणजे पुरवठादाराचा राउटर, थेट जोडलेला असेल, तर पुरवठादाराशी बोलून टीटीएल (पॅकेटला उरलेल्या टप्प्यांचा आकडा) सुरक्षाही लावून घ्या. दोन्ही बाजू 255 टीटीएलची पॅकेट पाठवतात आणि वाटेतला प्रत्येक राउटर हा आकडा एकाने घटवतो, त्यामुळे दुरून कोणी शेजाऱ्याचा पत्ता चोरून पॅकेट पाठवले तरी ते 255 घेऊन पोहोचूच शकत नाही.

2601 आणि 2605 ही अनुक्रमे झेब्रा आणि बीजीपीडी या एफआरआरच्या भागांची टेलनेट पोर्ट होत. त्यांवरून टाइप केलेला पासवर्ड उघड्या मजकुरात जातो, तेव्हा त्यांना बाहेर तोंड असण्याचे काहीच कारण नाही. एफआरआरच्या ‘डीमन्स’ फाइलमध्ये ती मुळात 127.0.0.1 या यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यापुरती बांधलेली असतात. एफआरआरचा पूर्वज असलेल्या जुन्या क्वागाची मांडणी कोणीतरी जशीच्या तशी उचलून आणली असावी, असा माझा अंदाज आहे. एफआरआरला आज्ञा देण्याचे साधन व्हीटीवायएसएच यंत्राच्या आतल्या सॉकेटवरून बोलते, म्हणून ही पोर्ट साफ बंद केली तरी रोजचे काम अडत नाही. दुरून लॉगिन करण्यासाठी एसएसएचचे 22 मात्र हवेच, पण व्हीपीएनमधून किंवा व्यवस्थापनाच्या वेगळ्या जाळ्यातूनच. एसएसएचचा पोर्ट क्रमांक बदलून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. स्कॅन करणाऱ्याला तो शोधायला फारसा वेळ लागत नाही.

नियम लावताना आधी स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या पत्त्यांना परवानगी, मग नकार, हा क्रम चुकवू नका, आणि पहिल्या वेळी कन्सोल जोडूनच काम करा. आयपीव्ही6 चे नियमही लिहा. लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये ते स्वतंत्र असतात आणि नेमके तेच राहून जातात. शेवटी मोबाइल डेटावरून आयपीव्ही4 व आयपीव्ही6 हे दोन्ही पत्ते पुन्हा तपासा.

प्रश्न : आम्ही ग्राहकांच्या घरचे राउटर 7547 पोर्टवरून दुरून सांभाळतो. त्यालाही हेच लागू का?

उत्तर : होय. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली, ती याच पोर्टवर झालेल्या भडिमाराने. त्यांचे राउटर संक्रमित झाले नव्हते, नुसते कोलमडले होते. हे पोर्ट फक्त तुमच्या व्यवस्थापन सर्व्हरच्या पत्त्याला खुले ठेवा, आणि ग्राहकांकडे जाणाऱ्या वाहतुकीत इतरांसाठी ते तुमच्या सीमेवरच अडवा. येथे नियम फॉरवर्ड साखळीत जाईल.