पांढऱ्या बेल्टकडे परत : कराटेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरातून कराटेविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा अधिक आली आणि त्यांतली बरीचशी अशा वाचकांची आहेत, ज्यांना स्पर्धा जिंकायची नसून ही विद्या दीर्घकाळ सांभाळायची किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायची आहे. अंबाजोगाईत तीसहून अधिक वर्षे शिकवताना हेच प्रश्न मलाही पडत आले आहेत, म्हणून त्यांतली पाच पत्रे निवडून सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय 47 असून मी लातूरला बँकेत नोकरी करतो. मुलीला रोज कराटेच्या वर्गाला सोडतो आणि तासभर बाहेर बसून राहतो. आता आपणही शिकावे असे मनापासून वाटते. पण उजवा गुडघा अधूनमधून दुखतो आणि लहान मुलांच्या रांगेत पांढरा बेल्ट बांधून उभे राहण्याचा संकोचही वाटतो. या वयात सुरुवात करावी का?

अवश्य करावी. त्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, गुडघा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा आणि त्यांनी जे सांगितले असेल ते आपल्या प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगावे. गुडघ्याचे दुखणे लपवून वर्गात उतरणारी प्रौढ मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा सराव दोन-तीन महिन्यांतच सुटला आहे.

कराटेतला झेनकुत्सु-दाची हा पुढचा गुडघा वाकवून घेतलेला लांब पवित्रा आपल्याला सुरुवातीलाच शिकवला जाईल. त्यात पुढच्या पायावर साधारण साठ टक्के भार असतो. मुले तो खूप लांब आणि खोल घेतात, कारण त्यांचे सांधे तसे वळतात. आपण तो वीतभर आखूड घ्यावा. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच वाकतो आहे ना, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण तो आतल्या बाजूला कलला की सगळा ताण सांध्याच्या आतल्या कडेवर येतो. वळताना तळवा जमिनीला तसाच चिकटून राहिला आणि कंबर फिरली, तर तो पीळ गुडघ्यालाच बसतो. म्हणून आधी पाय वळवावा आणि मग अंग. उंच लाथांची घाई करू नये; पहिले सहा महिने कमरेखालची माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ, पुरेशी आहे.

संकोचाबद्दल एक गोष्ट सांगतो. आधुनिक कराटेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते गिचिन फुनाकोशी 1868 साली आजच्या जपानमधील ओकिनावा बेटावर, शुरी येथे जन्मले आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी शाळाशिक्षक म्हणून काढला. 1922 साली कराटेचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी ते टोकियोला गेले तेव्हा त्यांचे वय 53 होते. ते तिथेच राहिले आणि ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राखणदारी, बागकाम आणि खोल्या झाडण्याचे काम करून त्यांनी शिकवण्यास प्रारंभ केला. ज्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तीची वर्षे मोजू लागतो, त्या वयात त्या शिक्षकाने हाती झाडू घेऊन नव्याने सुरुवात केली. आपल्याला तर फक्त मुलीच्या रांगेत, तिच्यामागे उभे राहायचे आहे. वर्गात ती आपल्याला ज्येष्ठ आहे हे मान्य करून तिला वाकून ‘ओस’ हे कराटेतले अभिवादन म्हणावे. घरी परतताना रस्ताभर ती आपल्याला शिकवत येईल.

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. त्याच्या वर्गात दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा होते, प्रत्येक वेळी वेगळी फी भरावी लागते आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट देण्याची हमी दिली जाते. मध्यंतरी एका कार्यक्रमात मुलांकडून हाताने कौले फोडून घेतली. हे योग्य आहे का? — एक आई, माजलगाव

ताई, आपली शंका रास्त आहे. बेल्टची आणि ‘दान’ श्रेणींची, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या पायऱ्यांची, पद्धत मुळात कराटेची नाही. ती ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ज्युदोसाठी रूढ केली आणि फुनाकोशी यांनी 1924 साली प्रथम आपल्या विद्यार्थ्यांना दान श्रेणी दिल्या. ब्लॅक बेल्टच्या पहिल्या श्रेणीला ‘शोदान’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘शो’ या अक्षराचा अर्थ आरंभ असा आहे. अक्षरओळख पक्की झाली, आता वाचन सुरू करा, एवढेच तो बेल्ट सांगतो. माझ्याकडे आठवड्यातून चार दिवस नियमित येणाऱ्या मुलाला तिथपर्यंत पोहोचायला चार ते पाच वर्षे लागतात. आणि दोन वर्षांची हमी आधीच देऊन ठेवणारा प्रशिक्षक मुलाकडे न पाहताच निकाल लावतो, असे मला वाटते.

प्रशिक्षकांना एकदा शांतपणे विचारावे की परीक्षेत कधी कोणाला थांबवले जाते का. ज्या परीक्षेत कोणीच थांबत नाही, ती केवळ पावती असते. त्यांना स्वतःला कोण शिकवते आणि ते अजून सराव करतात का, हेही विचारावे. या प्रश्नाने प्रामाणिक माणसाला आनंदच होतो.

कौले फोडण्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाडांची टोके अजून वाढत असतात, आणि तिथे झालेली इजा पुढे बोटांच्या वाढीवर परिणाम करू शकते. सिमेंटवर मुठींच्या आधाराने जोर मारायला लावणे हेही त्याच कारणासाठी टाळले पाहिजे. आपण लेखी नकार द्यावा आणि तो मानला गेला नाही तर वर्ग बदलावा.

प्रश्न : शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू आणि वादो-र्यू यांपैकी सर्वांत चांगली शैली कोणती? — हिंगोली

आपल्या घरापासून जाता येईल अशा अंतरावर जो चांगला शिक्षक असेल, त्याची शैली चांगली. शोतोकानमध्ये लांब पवित्रे आणि लांब पल्ला, तर गोजू-र्यूमध्ये आखूड अंतर आणि श्वासावर विशेष भर, असा ढोबळ फरक आहे. परंतु हिंगोलीत बसून हा फरक चाळत वर्ष घालवण्यापेक्षा जो वर्ग आहे त्यात सोमवारी दाखल व्हावे.

प्रश्न : मी 24 वर्षांची असून ब्लॅक बेल्ट आहे. धारूर तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा वर्ग सुरू केला आहे. पण दसरा उलटला की अर्ध्या मुली आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. दरवर्षी पहिल्यापासून शिकवावे लागते. शिवाय शिकवण्याच्या नादात माझा स्वतःचा सराव बंद पडला आहे. काय करावे?

आपल्या पत्रातल्या अडचणी दोन आहेत आणि दोन्ही मी भोगल्या आहेत.

कराटे शाळेत आणण्याचे मोठे श्रेय ओकिनावाचे कराटेगुरू अन्को इतोसू यांना जाते. 1901 च्या सुमारास त्यांनी ओकिनावाच्या शाळेत ही विद्या नेली आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी पाच सोप्या कात्यांची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींच्या रचनांची, मालिका रचली. तीच आपण आज ‘हेइआन’ या नावाने शिकवतो. त्यातला पहिला काता, हेइआन शोदान, 21 हालचालींचा आहे. तो करायला मिनिटभरही लागत नाही आणि जिथून आरंभ होतो तिथेच तो संपतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्याला सुमारे चार महिने मिळतात. या चार महिन्यांत दहा गोष्टींची तोंडओळख करून देण्याऐवजी हा एकच काता पुरा शिकवावा. अर्धवट शिकलेल्या दहा गोष्टी बोचक्यात बांधून नेता येत नाहीत, पण एक काता नेता येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडची एक मुलगी अशीच फडावर गेली. परतली ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाने रापलेली, बोटांना उसाच्या पाचटाचे चिरे पडलेले. मी तिला हेइआन शोदान करायला सांगितला आणि सवयीप्रमाणे तिच्या पायाशी खडूने फुली मारली. पावले पाहून मला प्रथम वाईट वाटले, कारण तिचा पवित्रा पूर्वीपेक्षा फारच आखूड झाला होता. पण काता संपला तेव्हा तिचा पाय नेमका त्या फुलीवर होता. पुढे जाणारी तीन पावले आणि मागे येणारी तीन पावले तंतोतंत सारखी पडल्याखेरीज असे होत नाही; वर्षभर वर्गात येणाऱ्या मुलांचेही बहुधा हातभर चुकते. मी कारण विचारले. ती म्हणाली, ‘सर, कोपी आणि टायरगाडी यांच्यामध्ये तेवढीच जागा होती.’ कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी. आई-वडील पहाटे फडात गेल्यावर, धाकट्या भावाला सांभाळत ती त्या चार पावलांच्या जागेत रोज काता करीत असे. मी तिचा पवित्रा पुन्हा लांब केला खरा, पण त्याआधी तो आखूड काता तिला सगळ्या वर्गासमोर करायला लावला.

तेव्हा आपल्या मुली जाण्यापूर्वी शेवटच्या आठवड्यात त्यांना मुद्दाम अरुंद जागेत, दोन आखलेल्या रेषांच्या आत, काता करायला शिकवावे. परतल्यावर पहिल्यापासून न शिकवता आधी त्यांनी काय सांभाळून आणले आहे ते पाहावे.

शिक्षेबद्दल एक गोष्ट माझ्या चुकीतून सांगतो. सुरुवातीच्या काळात मी उशिरा येणाऱ्याला शंभर बैठका घालायला लावत असे. एक मुलगा आठवड्यातून तीनदा उशिरा यायचा. मी त्याला तीनदा शिक्षा केली आणि चौथ्या वेळी तो आलाच नाही. नंतर समजले की त्यांच्या शिवारात शेतीची वीज रात्री येत असे आणि तो रात्रभर गव्हाला पाणी देऊन थेट वर्गात येत होता. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, पण तो परत आला नाही. तेव्हापासून मी आधी कारण विचारतो.

आता आपल्या सरावाविषयी. मुलींना दाखवण्यासाठी केलेला काता हा आपला सराव नव्हे. त्यात आपले लक्ष त्यांच्या पायांकडे असते. वर्ग सुरू होण्यापूर्वी वीस मिनिटे आधी मैदानावर पोहोचावे, मोजणी न करता, कोणाशी न बोलता, एकच काता तीनदा करावा: एकदा अगदी सावकाश, एकदा पूर्ण जोराने आणि एकदा केवळ श्वासाकडे लक्ष ठेवून. फुनाकोशींनी इतोसूंकडे तेक्कीचे तीन काते शिकण्यात दहा वर्षे घालवली होती, त्यामुळे एकाच कात्यावर वर्ष गेले तर काही वाया गेले असे समजू नये. महिन्यातून एक रविवार आपल्या शिक्षकांकडे जाऊन रांगेत उभे राहावे. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी संमती घ्यावी, प्रथमोपचाराची पेटी मैदानावर ठेवावी आणि महिन्याला दहा रुपये का होईना, फी जरूर घ्यावी. ती भरणारी आई मुलीला वर्गाला पाठवतेच, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी 63 वर्षांचा निवृत्त शिक्षक, परभणी. पस्तीस वर्षे कराटे केले, त्यांतली वीस शिकवले. आता लाथ कमरेच्या वर जात नाही आणि ज्यांना मी मूठ बांधायला शिकवले ती मुले माझ्यापेक्षा चांगला काता करतात. कराटेचा ड्रेस आता कपाटात ठेवून द्यावा का?

सर, ड्रेस बाहेरच असू द्या.

एकेचाळिसाव्या वर्षी उन्सू या कात्यातली पूर्ण गिरकीची उडी मी सिमेंटच्या अंगणात मारली आणि माझ्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली. उडी मारण्याची गरज नव्हती. मुलांना दाखवण्याची हौस होती. सहा महिने खुर्चीवर बसून शिकवावे लागले. त्या सहा महिन्यांत माझ्या लक्षात आले की माझा हिकिते, म्हणजे ठोसा मारताना कमरेकडे मागे ओढला जाणारा दुसरा हात, इतकी वर्षे अर्ध्यावरच थांबत होता. पायांच्या वेगामुळे ते झाकले गेले होते. लाथा खाली आल्या आहेत असे आपण लिहिता; आता हातांकडे, कमरेच्या फिरण्याकडे आणि श्वासाकडे पाहावे, तिथे पुष्कळ काम शिल्लक असते.

सराव रोज अर्धा तास, उन्हाळ्यात सूर्य उगवण्यापूर्वी, शक्य तर मातीवर करावा. शहाबादी फरशीवर करायचाच असेल तर खाली जाड सतरंजी घालावी. किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या रुंद पवित्र्यात, मांड्या थरथरू लागेपर्यंत उभे राहण्याची जुनी सवय आता सोडावी आणि वीस-वीस सेकंदांचे चार-पाच फेरे करावेत. छातीत दडपण किंवा चक्कर जाणवली तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांकडे जावे. फुनाकोशींच्या वीस सूत्रांपैकी एका सूत्रात कराटेची तुलना गरम पाण्याशी केली आहे: खालची आच काढली की ते थंड होते. आपल्याला आता मोठा जाळ नको. मंद आच पुरते.

मुले चांगली झाली याचे आपल्याला थोडे दुःख झालेले दिसते. तेही मी समजू शकतो. त्यांच्यातला जो अजून परभणीतच शिकवत असेल, त्याच्या वर्गात एका सकाळी जावे आणि पाहुण्याची खुर्ची नाकारून शेवटच्या रांगेत उभे राहावे. तो गोंधळेल, पुढे या म्हणेल; आपण जागा सोडू नये. मग त्याला हेइआन शोदानमधला आपला हिकिते पाहायला सांगावे, आणि तो हात धरून जरा मागे ओढू लागला की ओढू द्यावा.