मनोविकारतज्ज्ञांची पहिली भेट : गोळ्यांची पिशवी सोबत आणा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हापुन्हा दिसतो. मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतलेली असते. पण त्या दिवसापर्यंत काय करायचे आणि जाताना काय न्यायचे, हे शेजारीपाजारी आणि मोबाइलवरचे निरोप ठरवत असतात. शेवटी आलेल्या पत्राचे उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

प्रश्न : तपासणीची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. पत्नी मात्र रोज ‘जगून काय करायचे’ असे म्हणते. तोवर काय करावे?

तीन आठवडे थांबू नये. दवाखान्यात आजच फोन करून तिचे हेच वाक्य जसेच्या तसे सांगावे, आणि तेथे लवकर वेळ मिळत नसेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तिला घेऊन जावे. मरणाचे विचार येतात का, हे तिला सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. तिला एकटे ठेवू नये, आणि घरातील औषधे व शेतीची कीटकनाशके कुलुपात ठेवावीत. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो व तेथे मराठीत बोलता येते. असे बोलणे ‘लक्ष वेधण्यासाठी’ असते, असे जे नातेवाईक सांगतात, त्यांचे ऐकू नये.

प्रश्न : उपाशीपोटी यावे लागते का?

नाही, नाश्ता करून यावे.

प्रश्न : झोपेची गोळी आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना खरी स्थिती दिसावी म्हणून दोन दिवस आधी सर्व बंद कराव्यात, असे मेहुण्यांनी सुचवले. योग्य आहे का?

अजिबात नाही. या सल्ल्यामुळे जितके रुग्ण पहिल्या भेटीलाच बिघडलेल्या अवस्थेत येताना मी पाहिले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही कारणाने पाहिलेले नाहीत. अल्प्राझोलामसारखी झोपेची वा चिंतेवरची गोळी काही महिने रोज घेतल्यावर एकाएकी बंद केली, तर झोप उडते, हातपाय थरथरतात आणि काहींना फिट येते. मग जे दिसते ती ‘खरी स्थिती’ नसते, तो गोळी तोडल्याचा परिणाम असतो. नैराश्यावरील काही औषधे अचानक थांबवल्यास चक्कर येते आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. रोज दारू पिणाऱ्या माणसानेही ‘डॉक्टरांकडे शुद्धीत जाऊ’ म्हणून आदल्या दोन दिवसांत ती तोडू नये. भ्रम आणि फिट येण्याचा धोका त्याच दिवसांत असतो. किती पितो ते खरे सांगावे, सोडवण्याचे काम देखरेखीखाली होते.

दुसरी अडचण पिशवीची. रुग्ण खिशातून कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा काढतो, त्यावर चार गोळ्या असतात आणि नाव नेमके कापल्या गेलेल्या बाजूला राहिलेले असते. ‘ती पांढरी, छोटी, अर्धी घेतो’ एवढ्यावरून मी काय ओळखणार? अशा गोळ्या चिठ्ठीवाचून, दोन-दोन दिवसांच्या हिशेबाने सुट्या विकणारे दुकानदार आहेत, आणि ते करतात तो बेकायदा धंदा आहे. म्हणून जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल आणि पूर्ण पट्ट्या एका पिशवीत घालून आणाव्यात. त्यात थायरॉइडच्या गोळ्या, स्टिरॉइड, गुडघेदुखीची औषधे, आयुर्वेदिक चूर्णे, सारे आले. हे अनावश्यक वाटेल, पण स्टिरॉइडने मनःस्थिती बदलू शकते आणि काही वेदनाशामकांमुळे लिथियम या मनोविकारावरील औषधाचे रक्तातील प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. काय कमी करायचे, काय थांबवायचे आणि किती दिवसांत, हे समोर बसून ठरेल.

प्रश्न : एका केंद्राने सवलतीत ‘ब्रेन मॅपिंग’ करून देतो असे सांगितले. अहवाल आधीच काढून आणू का?

पैसे वाचवावेत. नैराश्याचे किंवा चिंताविकाराचे निदान मेंदूच्या अशा रंगीत चित्रांवरून होत नाही, ते सविस्तर बोलण्यातून होते; थायरॉइडची वा अन्य तपासणी लागलीच, तर तपासल्यानंतर सांगितली जाते.

प्रश्न : मुलगा यायला तयार नाही. दाताच्या डॉक्टरांकडे जायचे आहे असे सांगून आणले तर?

दारावरची पाटी त्याला वाचता येते. तो आत येईल, पण त्यानंतर ना तुमच्यावर विश्वास ठेवेल ना माझ्यावर. चहातून गुपचूप औषध देण्याचा मार्गही तितकाच वाईट. त्याला स्वतःला जो त्रास जाणवतो, मग तो झोपेचा असो वा अभ्यासात लक्ष न लागण्याचा, त्यासाठी जाऊ असे खरे सांगावे. तरीही नकार आला तर आधी आईवडिलांनी एकटे येऊन भेटावे.

प्रश्न : कार्यालयात कळेल का?

तुमच्या संमतीवाचून डॉक्टर कळवू शकत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत, ते पहिल्याच भेटीत समजून घ्यावेत.

प्रश्न : डॉक्टरांसमोर बसल्यावर काहीच आठवत नाही. लिहून आणले तर चालेल का?

अवश्य, पण एकाच पानावर. ‘मला डिप्रेशन आहे’ हा निष्कर्ष झाला, तो माझ्यावर सोडावा. ‘संक्रांतीपासून पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, भाकरी अर्धी राहते’ असे लिहावे. घराण्यात कोणाला असा आजार होता का, तेही लिहावे. आणि जी गोष्ट सांगायची लाज वाटते ती पहिल्या ओळीत घालावी, कारण बहुतेक रुग्ण ती निघताना, दाराच्या कडीवर हात ठेवून सांगतात, आणि तोवर बाहेर पुढच्या रुग्णाचे नाव पुकारलेले असते.